डेन्मार्कचे पिक्चर पाहणारा संशयित

पोलीस सेवेतून मी बाहेर पडले, तरी एक तपास मनातून गेलेला नाही. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी नाशिकला नुकतीच उपनिरीक्षक झाले होते आणि खुनाचा स्वतंत्र तपास हाती यावा, अशी माझी इच्छा होती. सातपूरमधून तो चालून आला, असे वाटले.

कारखान्यात पाळी करणाऱ्या एका तरुणाची वृद्ध आई बेपत्ता होती. तिला विस्मरण जडले होते. तक्रार त्यानेच दिली होती. पण लवकरच शेजारीण ठाण्यात आली.

"मॅडम, त्यानंच काहीतरी केलंय. सुट्टीला दार लावून परदेशी मुडद्यांचे पिक्चर बघत बसतो. परवा आईवर केवढ्यानं ओरडत होता!"

घरझडतीत रक्ताचा मागमूस नव्हता. डेन्मार्क-स्वीडनच्या गुन्हेपटांच्या डीव्हीडी मात्र खोकेभर निघाल्या. हवालदार म्हणाले, "मॅडम, तासभर माझ्याकडे द्या. पोपटासारखा बोलेल."

मी नकार दिला. डीव्हीडींवरून छंद सिद्ध होत होता, एवढेच. त्याला समोर बसवून विचारले, "हे असलं का बघतोस?"

"आपल्याकडं मेलेला माणूस सुरुवातीलाच संपतो, मॅडम. पुढं सगळी हीरोची मारामारी. तिकडं नुसतं ढगाळ, अंधारं. पण मेलेला कोण होता, काय खायचा, कुणाशी बोलायचा, हे शेवटपर्यंत कुणीतरी विचारत राहतं."

"मग तुझी आई कोण, ते सांग."

"आई म्हणजे... आईच की."

"ओरडलास कशाला?"

"'आई' म्हटलं तर बघायची नाही, म्हणून नावानं हाक मारली, तर ओ द्यायची नाही. म्हणायची, ही कोण बाई? मी नाय ती."

इथे मला धागा सापडला. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. आम्ही जिल्हाभर सासरच्या नावाने शोधत होतो. ती मनाने त्या नावाच्याही आधीच्या काळात, लग्नापूर्वीच्या दिवसांत निघून गेली होती. माहेरचे नाव मुलाला ठाऊकच नव्हते. पंचवटीतल्या त्याच्या आत्याने ते सांगितले. "अगं, ते तर मांडवातच राहिलं. आम्हीच बदललं ना!"

माहेरच्या नावाने बिनतारी संदेश गेला आणि पेठ तालुक्याच्या ठाण्यातून उत्तर आले: या नावाची एक म्हातारी एसटीतून उतरली, ती एका शेतकऱ्याच्या घरी आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती ओट्यावर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे निवडत होती. घरची बाई म्हणाली, "लय विचारलं हो गावात. त्या नावाची कोणालाच ओळख नाय."

मी माहेरच्या नावाने हाक मारली. "ओ!" ती चटकन म्हणाली आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या मुलाकडे पाहून हसली. "दादा, न्यायला आलास?"

भावासाठीची ती हाक ऐकून तो पुढे झाला. "आलो," म्हणाला आणि तिचे गाठोडे उचलले.

पुढे तसले चित्रपट मीही पुष्कळ पाहिले. हरवलेल्या माणसाला कुणीतरी पुरते ओळखून घेईल, हा दिलासाच प्रेक्षकाला त्या काळोखात बसवून ठेवतो, असे माझे निरीक्षण आहे. पडद्यावर ती ओळख बहुधा मृत्यूनंतर होते. आम्हाला ती वेळेत झाली.

नंतर बेपत्ता स्त्रीच्या प्रत्येक तक्रारीत मी सासरचे आणि माहेरचे अशी दोन्ही नावे विचारत असे. बऱ्याच मुलांना आधी मामाला फोन लावावा लागे. मी थांबत असे. फोन ठेवून आईचे माहेरचे नाव मला सांगताना, आयुष्यात पहिल्यांदाच ते उच्चारत असत.