सोंडेचा मासा आणि बुजवलेलं दार

"भावजी, गेलं वो हे…" मिरजगावहून सुमनवहिनींचा फोन आला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "नितीन कुठंय?" नितीन म्हणजे वहिनींचा आणि गेलेल्या सुभाषचा मुलगा. महिना उलटला, माझा राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं म्हणे. मला ते जमणार नाही.

सुभाष आणि मी कर्जतला एकाच शाळेत शिकवलं. तो जीवशास्त्र, मी गणित. जीभ त्याची भलती तिखट. "तुमच्यापेक्षा माझा मासा बरा, अंधारात वाट तरी काढतो," असं पोरांना सुनवायचा. मासा त्यानं शाळेत टाकीत पाळलेला, आफ्रिकेतल्या नद्यांमधला, हनुवटीला सोंडेसारखं बोट असलेला. शेपटीजवळून इतकी हलकी वीज सोडायचा की आपल्या हाताला कळूही नये. वाटेत दगड आला की त्या विजेत फरक पडे आणि तो माशाच्या कातडीला जाणवे. सुभाषनं टाकीत भोक पाडलेली एक काच उभी केली. मासा त्यातून बिनचूक ये-जा करू लागला, तसं यानं भोक दुसरीकडे नेलं. मासा जुन्याच जागी सोंड आपटत राहिला. "सगळं कळतंय, तरी गाढव सवयीनं चालतंय!" म्हणून सुभाष खो खो हसला. मला मात्र त्या जिवाची कीव आली.

पुढं शुगरनं सुभाषचेच डोळे गेले. तरी घरात काठी नको, कुणाचा हात नको. "दुसऱ्याच्या हाताला धरून मोरीत जायची वेळ आली, की मला पोचवा," म्हणायचा. पायाच्या जखमेसाठी तो नगरला दवाखान्यात असताना नितीननं मागच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायला काढल्या. मोरीकडचं दार बुजवलं, नवं पलीकडे पाडलं. मी म्हटलं, "अरे, त्याला विचारायचंस तरी!"

"काका, त्यांना कुठं दिसतंय?"

घरी आल्यावर सुभाषनं नवी भिंत हातानं चाचपली, नवं दारही चाचपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो ताडताड जुन्या दाराकडे गेला. भिंतीवर आदळून पडला, खुबा मोडला… मग दोन्ही बाजूंनी उचलता यावं म्हणून त्याची खाट पुढच्या खोलीत मधोमध टाकली.

"दार कुठंय ते ठाऊक होतं रे मला. पायांनी ऐकलं न्हाई," तो माझ्यादेखत मुलाला म्हणाला.

"मग पायांनाच बोला," नितीन म्हणाला.

त्या खाटेवरून सुभाष उठलाच नाही. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. खाट काढून टाकलीय, खोली मोकळी. वहिनी चहा घेऊन आल्या त्या मधल्या जागेला वळसा घालून. नितीन खेकसला, "आई, तिथं काय न्हाई आता. सरळ ये की!"

"दिसतंय मला," वहिनी म्हणाल्या, आणि रिकाम्या कपबशा घेऊन पुन्हा वळशानंच आत गेल्या.