नळाजवळचं चित्र

आमच्या कलाकेंद्राच्या वार्षिक महोत्सवात चित्रं लावायचं काम माझ्याकडे आहे. पत्रिकेवर त्याला 'मांडणी प्रमुख' असा भारदस्त शब्द छापतात. प्रत्यक्षात मी शिडीवर चढतो, सुतळीच्या गाठी मारतो आणि लोकांची बोलणी खातो. ज्याचं चित्र कोपऱ्यात जातं तो पुढे वर्षभर मला ओळख देत नाही. धुळ्यात मला पाहून रस्ता बदलणारी बरीच माणसं आहेत. त्यातली निम्मी या कामानं मिळवून दिली आणि उरलेली माझे जुने विद्यार्थी आहेत.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली भरून वाहणारी नदी आणि काठावर झोपडी, या चित्रापासून पोरांना सोडवण्यात माझी उभी नोकरी गेली. "अरे, आपल्या पांझरेला एवढं पाणी कधी बघितलंस?" असं मी ओरडायचो. पोरं मान डोलवायची आणि परीक्षेत तीच नदी काढून यायची. माझा स्वभाव तापट आहे हे मला मान्य आहे, पण ती नदी पाहिली असती तर कुणीही तापलं असतं.

केंद्र म्हणजे एक जुना जिनिंगचा, कापसातून सरकी काढायचा शेड. यंत्रं केव्हाच गेली, मालकांनी जागा वापरायला दिली, आणि आम्ही काही रिकामटेकड्यांनी तिथे चित्रकला, मातीकाम, गाणं असं सुरू केलं. कुणी पगार घेत नाही, त्यामुळे कुणी कुणाचं ऐकतही नाही. वारा सुटला की पत्र्याखालून अजूनही कापसाचा एखादा पुंजका खाली येतो आणि नेमका कुणाच्या तरी ओल्या रंगावर बसतो. नवी माणसं चिडतात. जुनी माणसं तो चिमटीनं उचलतात आणि पुढे रंगवायला लागतात.

महोत्सव थंडीत, तीन दिवसांचा. त्याचे दोन नियम आमच्या सचिवबाईंनी घालून दिलेत. बाई निवृत्त तलाठी आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द खोडून काढायची कुणाची छाती नाही. पहिला नियम, कुणाचंही चित्र परत पाठवायचं नाही. दुसरा नियम, चित्राखाली नाव लावायचं नाही. पहिल्या वर्षी नावं लावली होती, तेव्हा सगळी गर्दी एका डॉक्टरांच्या बायकोनं काढलेल्या कमळांपुढे उभी राहिली आणि बाकीची चित्रं भिंतीवर नुसती वाळत पडली. तेव्हापासून नावं शेवटच्या दिवशी दुपारी, वांग्याच्या भरताची जेवणं झाल्यावर लावतात. बाई कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन फिरतात आणि ज्यानं त्यानं आपल्या हातानं नाव लिहून चित्राखाली लावायचं. काही चित्रांना धनी भेटतच नाही. मग ती वर्षभर कपाटात राहतात.

यंदा त्या भिंतीवर एक चित्र माझं होतं. हे फक्त माझ्या बायकोला माहीत होतं. इतक्या वर्षांत मी दुसऱ्यांची शेकडो चित्रं टांगली असतील, स्वतःचं एकही नाही. आणि त्याला कारण होतं.

माझी आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. नवीन नोकरी लागली तेव्हा मी तिचं एक चित्र काढलं. कपाशीच्या ओळीत वाकलेली, डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं, चेहरा जवळजवळ झाकलेला, कमरेला कापसाची ओटी, आणि बोंडाकडे गेलेला डावा हात. आई डावरी होती. मोठ्या हौसेनं मी ते मुंबईच्या एका प्रदर्शनाला पाठवलं. ते नामंजूर होऊन परत आलं. मागे एक चिठ्ठी डकवली होती: 'हातांची गल्लत झाली आहे. प्रत्यक्ष निरीक्षणावरून अभ्यास करावा.'

ज्या हातानं मला भाकरी वाढली त्या हाताबद्दल मुंबईतल्या एका अनोळखी माणसानं चिठ्ठी लिहिली, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. आज सांगताना लाज वाटते. मी बसलो आणि तो हात दुरुस्त केला. उजवा हात पुढे आणला, ओटी दुसऱ्या बाजूला सरकवली आणि मोठ्या ऐटीत चित्र आईला दाखवलं. तिनं हात पुसले, बराच वेळ पाहिलं.

"हाई कोन शे?" तिनं विचारलं.

"अगं, तू," मी म्हणालो. नोकरी लागल्यापासून मी तिच्याशीही शाळेतलं मराठी बोलायला लागलो होतो.

"नही भो. हाई दुसरी कोनी शे," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

तिला चित्रातलं काय कळतं, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. पण ते चित्र मी पुन्हा कुठे पाठवलं नाही, आणि दुसरंही काढलं नाही. पोरांच्या झोपड्या तपासत राहिलो. आई घरी मोजकंच बोलायची. तिनं तो विषय काढला नाही, मीही काढला नाही, आणि मग ती गेली.

गेल्या दिवाळीत पेटी आवरताना ते चित्र हाताला लागलं. पाहिलं आणि कळलं की आई बरोबर बोलली होती. ती बाई दुसरीच कुणीतरी होती. चांगली नीटनेटकी, दोन्ही हात जागच्या जागी असलेली परकी बाई. मी नवा कागद ताणला आणि आई पुन्हा काढली, डावऱ्या हाताची. वेचणीतला तिचा एकही फोटो नाही. जे होतं ते डोळ्यांपुढे होतं, आणि माझ्या डोळ्यांचा भरवसा मलाच उरला नव्हता. आता तरी ही तीच आहे का, हे सांगणार कोण? बायको म्हणाली, "मी घरात आले तेव्हा सासूबाईंनी वेचणी सोडली होती. मी कसं सांगू?" तिचं खरं होतं. पण मला ते कुणाकडून तरी ऐकायचं होतं. चित्र चांगलं आहे की वाईट याची मला फिकीर नव्हती. ती आई आहे की नाही, एवढंच हवं होतं.

मांडणी प्रमुख असल्याचा फायदा घेऊन मी ते आधी मधल्या भिंतीवर लावलं. तिथे ते फार ठळक दिसायला लागलं. उतरवलं आणि दाराशी लावलं. तिथे येणारा प्रत्येक जण पाहणार. तिथूनही उतरवलं. शेवटी हात धुवायच्या नळाजवळ एक खिळा मोकळा होता, तिथे ते अडकवलं.

"चित्र लावताय की लपवताय?" बायकोनं खालून विचारलं. मी शिडीवरूनच डोळे वटारले. तिच्यावर त्याचा कधीच परिणाम होत नाही.

पहिले दोन दिवस मी काही ना काही निमित्त काढून नळाजवळ घुटमळत राहिलो. माणसं तिथे थांबत होती, पण हात धुवायला. एकानं मला विचारलं, "सर, साबण कुठे ठेवला?" एका बाईंनी माझ्या चित्राच्या खिळ्याला नॅपकिन अडकवला, तो मी तीनदा काढला आणि त्यांनी तीनदा लावला. दोन कॉलेजच्या मुली चित्रापुढे उभ्या राहिल्या तेव्हा मी दोन पावलं पुढे सरकलो, पण त्या फ्रेमच्या काचेत पाहून केस नीट करत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बायकोला सांगून टाकलं की उद्या मी चिठ्ठी लावणार नाही. जाऊ दे कपाटात. ती म्हणाली, "बघा बुवा." तिचं 'बघा बुवा' म्हणजे नापसंतीचा ठराव असतो.

तिसरा दिवस भरताचा. खरं सांगायचं तर निम्मं गाव त्यासाठीच येतं आणि आम्ही त्याला चित्रांवरून फिरवून जेवायला सोडतो. वांगी जळगावहून येतात. आमचे एक जळगावकर विश्वस्त ती स्वतः गाडीत घालून आणतात, कारण धुळेकरांना भरताचं वांगं निवडता येत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. ते हे मत दरवर्षी माइकवरून सांगतात आणि दरवर्षी मी चिडतो. भाजायला मात्र आमच्या बाजूच्या बाया असतात. यंदा गावाकडच्या एका बचत गटाला काम दिलं होतं. शेडमागे कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ पेटला, वांगी फटाफट फुटायला लागली, आणि कितीही राग असला तरी तोंडाला पाणी सुटलं.

त्या बायांबरोबर एक म्हातारी आली होती. गटातल्या एकीची सासू. तिला कुणी काम दिलं नव्हतं, पण ती एका पाटावर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. पंगती उठल्यावर ती हात धुवायला नळावर आली. मी तिथेच, नॅपकिन चौथ्यांदा काढत होतो.

तिनं हात धुतले, पदराला पुसले, मान वर केली आणि चित्राकडे पाहून म्हणाली, "हाई ते डावरी शे."

मी नॅपकिन खांद्यावर टाकला आणि तिच्या शेजारी आलो.

"आमना टोळीमा व्हती एक अशी," ती चित्राशीच बोलत होती. "बठ्ठ्या बाया जेवना हातघाई येचेत, हाई एकटी डावा हातघाई. बाजूवालीले कोपर लागे. म्हनीसन तिले नेहमी कडनं तास देत."

बाकी सगळ्या उजव्या हातानं वेचायच्या, म्हणून डावरीला कडेचं तास, म्हणजे शेताच्या टोकाची ओळ. आई कायम टोकाच्या ओळीत असायची, हे मला लहानपणापासून दिसत आलं होतं. का, ते त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"कोणत्या गावची टोळी?" मी विचारलं.

तिनं गावाचं नाव सांगितलं. ते माझंच गाव. मग ती दोन पावलं मागे सरकली, डोळे बारीक केले, आणि मी पोरांच्या चित्रांकडे पाहायचो तशा आठ्या तिच्या कपाळावर उमटल्या.

"पन ओटी खोटी शे," ती म्हणाली.

"का? काय चुकलं?"

"इतली भरेल ओटी तिन्ही कधीच नही ऱ्हाये! ती बोले जास्त, येचे कमी. मुकादम वरडे, ते हाई हासे. मंग आम्हीच आमना कापूस मूठ-मूठ तिन्हा ओटीमा टाकूत." आणि ती तोंडाला पदर लावून अशी हसायला लागली, जणू तो मुकादम आत्ता मागे उभा आहे.

माझी आई. घरी दिवसभरात दहा शब्द बोलणारी. टोळीत तिच्या तोंडाचा पट्टा चालायचा म्हणे, आणि मैत्रिणी तिची ओटी भरायच्या. मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम. इतका आनंद मला नोकरी कायम झाली तेव्हासुद्धा झाला नव्हता. माझी चूक दाखवून कुणी मला कधी इतकं बरं वाटू दिलं नव्हतं.

तेवढ्यात सचिवबाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आमच्यापाशी पोचल्या. "हे कुणाचं? धनी आहे का कुणी?" त्यांनी तलाठ्याच्या आवाजात विचारलं.

म्हातारीनं चित्रावरची नजर काढून माझ्याकडे वळवली. भरतासाठी आलेल्या तिला मी आत्ता कुठे दिसत होतो. "भाऊ, तुम्ही तिन्हा कोन?" तिनं विचारलं.

"मी तिन्हा पोऱ्या," मी म्हणालो. कित्येक वर्षांनी ती बोली तोंडातून आली, आणि अडखळली नाही.

बाईंनी चिठ्ठी आणि पेन माझ्या हातात दिलं. मी नाव लिहिलं. पलीकडे बायको उभी होती, तिनं 'बघा बुवा'ही म्हटलं नाही.

म्हातारीनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. 'तुम्ही'वरून ती आता 'तू'वर उतरली होती.

"मंग तठून काढ ना तिले," ती म्हणाली. "नळनं पानी उडस आंगवर. थंडी वाजी तिले."

मी शिडी आणायला गेलो.