समोरून काढलेला फोटो

साठ सालच्या आसपास मी अमरावतीला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावातून पदवीपर्यंत पोचलेला घरातला मी पहिलाच. हायस्कूल अकोल्याला केले ते एका वकीलसाहेबांच्या घरी राहून. त्यांनी चार वर्षे मला जेवू घातले, पुस्तके दिली आणि कधी बोलून दाखवले नाही. नोकरी लागल्यावर पाया पडायला गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून कातडी पाकिटातला जुना जर्मन कॅमेरा काढून माझ्या हातात ठेवला.

त्या कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतून पाहिले की मधोमध एक पिवळसर ठिपका दिसे आणि त्या ठिपक्यात समोरचा माणूस दोनदा दिसे. भिंगाची कडी फिरवून ती दोन माणसे एकावर एक बसवायची. बसली की फोटो स्पष्ट येतो. वकीलसाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणाले, "मला आता सगळंच दोन दोन दिसतं. तू वापर."

अमरावतीत मला ओळखीचे कोणी नव्हते. कचेरीतले लोक पाच वाजता आपापल्या घरी जात. रविवारी तर खानावळीत "पोळी द्या" याखेरीज दिवसभरात तोंडातून शब्द निघत नसे. म्हणून मी कॅमेरा घेऊन रस्त्याने हिंडू लागलो. कधी गाडी धरून अकोल्याला जाई आणि कापूस बाजारात गाड्यांच्या गर्दीत उभा राही. वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात मी वाचले होते, की माणसाला कळू न देता काढलेला फोटोच खरा. ते मला फार पटले. खरे सांगायचे तर सोयीचेही वाटले, कारण अनोळखी माणसाला काही विचारण्याची मला धास्ती वाटे. माणूस वळला, पुढे गेला, की मी कॅमेरा डोळ्याला लावी.

खोलीकडे जाताना एका कोपऱ्यावर एक म्हातारी बाई टोपली घेऊन बसे. हंगामाप्रमाणे बोरे, पेरू, संत्री. मी तिला मावशी म्हणे. दोन हिवाळे मी तिच्याकडून पेरू घेतले. एकदा तिने पेरू तोलता तोलता विचारले,

"काहो साहेब, गावभरच्या लोकाइचे फोटू काढून राहिले तुमी. माहा काहून नाई काढत?"

मी तिला मासिकातले समजावून सांगितले. बसवून काढलेला फोटो खोटा असतो, न सांगता काढलेला खरा.

"म्हंजे चोरून?"

"चोरून नाही मावशी..."

"मंग काय? चोरी करता अन् वरून खरं म्हनता!" ती मोठ्याने हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "माह्या घरात बुद्धाची तसबीर हाय. माहा एकबी फोटू नाई. मी मेली त नातवाइले काय दाखवतीन? या रयवारी पांढरं लुगडं नेसून येतो मी. समोरून काढा, बरं का."

मी बरे म्हणालो.

रविवारी ती खरोखरच धुतलेले पांढरे लुगडे नेसून, केस चापून बसली होती. माझ्या कॅमेऱ्यात चारच फोटो उरले होते. फिल्म सहज मिळत नसे, आणि मला अकोल्याला जायचे होते. मी वर पाहून म्हणालो, "आज उजेड बरोबर नाही मावशी. पुढच्या वेळी." पौषातले स्वच्छ ऊन पडले होते. तिनेही वर पाहिले. मी गाडी गाठली आणि अकोल्यात दोन फोटो काढले, ते कापसाच्या गाड्यांचे.

पुढे काही दिवस कोपरा रिकामा दिसला. पेरूचा हंगाम संपला असेल, असे मला वाटले. मग एका सकाळी माझ्या दारात तिशीचा एक माणूस उभा राहिला.

"तुमीच का फोटूवाले? त्या कोपऱ्यावरच्या बाईचा पोरगा मी. माय रात्री गेली. माय सांगे, साहेब माहा फोटू काढनार हायेत. काढला का?"

मी त्याला आत घेतले. निगेटिव्हच्या सगळ्या पट्ट्या काढून एकेक खिडकीशी धरू लागलो. बाजारातल्या बायका, हमाल, सायकलवाले, सगळ्यांच्या पाठी. दोन वर्षांत मी किती पाठी गोळा केल्या होत्या, हे मला त्या दिवशी दिसले. शेवटी एका फोटोत ती सापडली. गिऱ्हाइकाला पेरू देत होती, मागून.

"याच्यात माय कुठी हाय?"

मी बोट ठेवले. त्याने पट्टी माझ्या हातातून घेऊन उजेडाशी धरली.

"पाठ त आमाले मालूम हाय, साहेब. तोंड पायजे." मग म्हणाला, "चला मंग. दुपारलोक ठेवली हाय तिले."

त्यांचे घर गावाबाहेर होते. उजेडासाठी त्यांनी तिला अंगणात आणले, मुलाने उशी लावून डोके उचलून धरले. तेच पांढरे लुगडे होते. मी गुडघ्यावर बसलो. पिवळ्या ठिपक्यात तिचे दोन चेहरे दिसत होते, ते एकावर एक आणले. जिवंत माणूस थोडा तरी हलतो; इथे काहीच हलले नाही. मागून कोणी म्हणाले, "बराबर घ्या हो, आमच्याजोळ दुसरा नाई." उरलेले दोन्ही फोटो मी घेतले.

मी फिल्म धुऊन घेत असे त्या स्टुडिओत फोटोवर रंग भरणारे एक वयस्क गृहस्थ होते. मेलेल्या माणसाच्या फोटोत उघडे डोळे रंगवून देणे हे त्यांचे नेहमीचेच काम. त्यांनी ब्रश बुडवला आणि विचारले, "बाबूजी, डोळे कसे होते? बारीक? मोठे? घारे?"

मला सांगता येईना. "तुम्ही अंदाजाने काढा," मी म्हणालो.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "अंदाजानं डोळे बनत नाहीत. घरचे लोक लगेच पकडतात. तिच्या रक्ताचं कोणी असंल त घेऊन या."

मी पुन्हा त्या घरी गेलो आणि मुलाला घेऊन आलो. गृहस्थ म्हणाले, "माय-लेकाचे डोळे बहुतेक एकच असतात," आणि त्याला खिडकीशी बसवले. तो ताठ बसून समोर पाहत राहिला. मी बाहेर पायरीवर थांबलो. रस्त्यावर माणसे जात होती. खूप वेळाने आतून हाक आली.

कागदावरून मावशी थेट माझ्याकडे पाहत होती. ते डोळे तिच्यासारखे झाले होते की नाही, मला कळले नाही. मुलाने फोटो दोन्ही हातांत धरला, एकदाच पाहिला.

"हो," तो म्हणाला. "मायच हाय."