सातवी चाचणी

मार्च २००९. खोडाळ्याच्या बाजारात एक अनोळखी बाई आपलं नाव विचारत फिरतेय, हे कानावर आलं आणि जयवंती धास्तावली.

वर्षभरापूर्वी ती एका पोषण भुकटीच्या चाचणीत कामाला होती. पोशेऱ्याच्या पाड्यांवर जायचं, कुपोषित पोरांची वजनं घ्यायची, साठ जणांना भुकटी, साठ जणांना नेहमीचा आहार द्यायचा. तिसऱ्या महिन्यात पोरांना जुलाब लागले. पाड्यावरच्या गौराचा पोरगा सोम्या पाच दिवस सलाइनवर होता, कसाबसा वाचला. काम एकाएकी बंद झालं. चाचणी चालवणाऱ्या साहेबांनी 'बाहेर काही सांगणार नाही' अशा कागदावर तिची सही घेतली आणि म्हणाले, "बाहेर बोललीस तर लोक तुलाच धरतील. भुकटी तुझ्याच हातची."

आता ती अंगणवाडीत सेविका होती. ती बाई दुपारी तिथेच आली.

"मी डॉक्टर रंजना, पुण्याची. या भुकटीच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासतेय. छापून आलेल्या सहा सापडल्या, सहाही भुकटीचं कौतुक करतात. पण वाईट निकाल बरेचदा छापलाच जात नाही. म्हणून मी इंटरनेटवरची नोंदवही बघितली. चाचणी सुरू करण्याआधी तिथे नाव घालतात. तिथे सातवी दिसली. मोखाडा तालुका, एकशेवीस मुलं. निकाल कुठेच नाही. तुमच्या साहेबांना तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. इथल्या दवाखान्यात तुमचं नाव कळलं."

"मला काय माहीत नाय."

"आता ही भुकटी गावोगाव वाटायची म्हणतात, बाई. उद्या दुपारपर्यंत मी इथेच आहे."

जयवंती घरी आली. पोरांची वजनं, आजारपणं लिहिलेल्या कागदांच्या कार्बन प्रती घरात पेटीत होत्या. जाळून टाकाव्यात असं हजारदा वाटलं होतं. नोकरी जाईल, पोलीस येतील, पाड्यावरचे लोक दगड मारतील.

सकाळी ती गौराकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. आता ही ओरडेल, म्हणून खाली मान घालून उभी राहिली.

गौराने सोम्याला जवळ ओढलं. मग म्हणाली, "सासू मला अजून बोलते, तूच पोराला झऱ्याचं घाण पाणी पाजलंस. मलाही तसंच वाटायचं." आणि रडायला लागली. "जा बाई. दे ते कागद."

जयवंतीने कागद नेऊन दिले. डॉक्टरीणबाईंनी पोरांची नावं झाकायला लावली, मगच आकडे उतरवून घेतले. भुकटी खाणाऱ्या साठांपैकी तेवीस जणांना जोराचे जुलाब, बाकीच्या साठांत सातांना. त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा मोजून पाहिले.

दिवाळीनंतर त्यांचा अहवाल निघाला. सातवी चाचणी हिशेबात धरल्यावर भुकटीचा फायदा जेमतेम उरत होता, धोका मात्र उघड दिसत होता. गावोगाव वाटायचं ठरलं होतं, ते थांबलं.

जयवंतीला साहेबांच्या वकिलाची नोटीस आली. डॉक्टरीणबाईंनी नोटिशीला उत्तर दिलं, पुढे काही झालं नाही. तरी पोस्टमन अंगणात दिसला की जयवंती आत जाऊन दार लावून घ्यायची. दोन वर्षं तसंच चाललं.