वाणातली लोखंडी पट्टी

वन्संची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली. नाकात नळी, आवाज पार बसलेला. मला वाटलं, भावाची चौकशी करतील, घरचं काही विचारतील. त्यांनी कॉटशेजारच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरकडं बोट केलं. "ह्याला साखळी न्हाय… जमीन हालली तर डोस्क्यात यील कुणाच्या तरी. सांग त्यास्नी." नर्सनं हसत हसत साखळी अडकवली, तेव्हा कुठं त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला… फोन उचलायच्या आधीच मला रडू फुटलं होतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचे यजमान गेले आणि त्यांना कोयनेकडं, भूकंप मोजायच्या केंद्रात नोकरी लागली. कागदावर थरथरत चालणारी सुई बघण्यात त्यांचा जन्म गेला. पुढं सुईच्या जागी संगणक आला, तरी त्या नव्या जोमानं शिकल्या. निवृत्त झाल्यावर शिवाजी पेठेत आमच्याकडं राहायला आल्या आणि आल्या आल्या आमचं वाजलं.

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की त्या आधी वर बघायच्या. माणसं देव्हारा बघतात, टीव्ही केवढा आहे ते बघतात. ह्या बघायच्या डोक्यावर काय पडण्यासारखं आहे ते. आमच्या पलंगाच्या वर भिंतभर फळी होती आणि तिच्यावर माझ्या आईनं दिलेली पितळी भांडी, चिंच लावून लखलखीत घासलेली. एकदा बाजारातून आले तर सगळी भांडी खाली फरशीवर!

"वन्सं, माझ्या म्हायेरची भांडी हायती ती!"

"मग म्हायेरच्या भांड्याखालीच मरायचं हाय व्हय तुला? झोपतीस कुठं, बघ की जरा."

मी बरेच दिवस अबोला धरला. भांडी मात्र पुन्हा वर गेली नाहीत. त्यांनी स्वतः खालच्या मांडणीवर ती लावली आणि पुढून आडवी पट्टी ठोकली.

शाळेत, तालमीत, महिला मंडळात, बोलावलं तिथं त्या जायच्या. न बोलावताही जायच्या. लोकांचा प्रश्न ठरलेला असे, पुढचा धक्का कधी? "ते कुणालाच कळत न्हाय. तारीख सांगणारा थापा मारतोय," असं त्या तोंडावर सांगायच्या आणि लोक हिरमुसायचे. भविष्य सांगितलं असतं तर दारात रांग लागली असती. कपाट भिंतीला आवळा, एवढं सांगणाऱ्या बाईचं ऐकतो कोण?

मग त्यांनी माझ्या संक्रांतीच्या हळदीकुंकवावर डोळा ठेवला. बायकांना वाण म्हणून प्लास्टिकचे डबे द्यायचे नाहीत, कपाट भिंतीला आवळायची लोखंडी पट्टी द्यायची, स्क्रूसकट! मी कपाळावर हात मारला. पण हट्टापुढं इलाज नव्हता. त्या दिवशी तिळगुळाबरोबर मी पट्ट्या वाटल्या. वन्सं विधवा म्हणून आपणहोऊन स्वयंपाकघरात बसल्या होत्या, पण बायकांचा गोंधळ ऐकून त्यांना राहवेना. हातात ड्रिल घेऊन त्या बाहेरच आल्या. समोरच्या आक्का, आमच्या गल्लीचं मोठं तोंड, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लोखंड कुणी वाण देतं व्हय वैनी? डबा तरी कामाला आला असता की." खोली हसली. वन्संही हसल्या. पण पुढच्या वर्षी वाण तेच, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

मध्ये एकदा दुपारी खरंच धक्का बसला. मांडणीवरची भांडी वाजली, गल्ली रस्त्यावर आली. कुठं काही पडलं नाही, ज्यांनी पट्टी लावली त्यांच्याकडं नाही आणि ज्यांनी नाही लावली त्यांच्याकडंही नाही. "उगंच भोकं पाडली भिंतीला!" आक्कांनी टोमणा मारला. "पडलं न्हाय म्हणून हसाय मिळालं की," एवढंच बोलून वन्सं आत आल्या. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. "एवढा जल्म गेला सांगण्यात," त्या म्हणाल्या, "पण भ्या वाटल्याबिगर कोण ऐकत न्हाय बघ. आन मला तर कुणाला भ्या घालायचं न्हाय…" मला त्यांचा फार कळवळा आला.

यंदा घरात दुःख, त्यामुळं सण नाही. हळदीकुंकू नाही. पट्ट्यांचं खोकं वन्संच्या कपाटात तसंच पडून होतं. परवा आक्का आल्या, दारातच उभ्या राहिल्या.

"तुमच्यात औंदा सण न्हाय. मग वाण बंद पडायचं व्हय? ते खोकं द्या हिकडं, औंदा माझ्याकडनं."

मी आत जाऊन खोकं आणलं. खोकं त्यांच्या हातात देताना विचारलं, "आक्का, तुमच्या कपाटाला लावली का पट्टी?"

त्यांनी मान खाली घातली. "कुठली… तीन-चार न्हेल्या, तशाच पडल्यात्या. तुमच्या वन्संच म्हणत हुत्या, मी येते लावाय. मीच म्हणायची, बघू की, घाई काय हाय…" 

मी वन्संचं ड्रिल काढलं आणि आक्कांच्या मागोमाग रस्ता ओलांडला. त्या "या, बसा" म्हणत होत्या, चहाचं आधण ठेवते म्हणत होत्या… उंबऱ्यातच माझा पाय थांबला, आणि मी आधी वर बघितलं.