बाजरीत उतरलेली हवाई छत्री

"छत्री घावलीय साहेब. मानूसबी धरलाय. पन हात लावला न्हाई कुनी. तुम्हीच सांगितलं व्हतं ना, हात लावू नका म्हनून."

शिरूरच्या आमच्या ऑफिसच्या दारात सायकल आडवी टाकून एका गावचा कोतवाल हे सांगत होता. घोड नदीच्या काठचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला लग्नाकार्याला बोलावतात. पासष्टची लढाई चालू होती आणि मी सरकारी प्रसिद्धी खात्यात प्रचार सहायक होतो.

प्रचार सहायक म्हणजे काय ते आधी सांगतो. माझ्याकडे एक जीप होती, लाउडस्पीकर होता, प्रोजेक्टर होता आणि जाधवमामा नावाचे ड्रायव्हर होते. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आमचे. एरवी आम्ही गावोगाव जाऊन खताची माहिती सांगायचो, देवीची लस टोचून घ्या म्हणायचो आणि अंधार पडला की पडदा बांधून सिनेमा दाखवायचो. लोक खतासाठी नाही, सिनेमासाठी यायचे. ते आम्हालाही माहीत होतं आणि खतालाही.

लढाई लागली तसा ब्लॅकआउट आला. संध्याकाळी दिवे लावायचे नाहीत, म्हणून सिनेमा बंद झाला. पडदा गुंडाळून जीपच्या टपावर कॅरिअरला बांधून टाकला. वरून नवीन सर्क्युलर आलं. शत्रूचे हेर हिंडत आहेत, हवाई छत्र्यांनी, म्हणजे पॅराशूटनं, माणसं उतरण्याचा संभव आहे, जनतेला सावध करावं.

पंजाबात छत्र्या उतरल्या होत्या, हे खरं. पण आमच्याकडे उतरून शत्रूनं काय न्यायचं, बाजरी? मी पुण्याच्या साहेबांना हे विचारलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याही डोक्यावर साहेब होता.

"शेंडे, छत्री उतरते की नाही ते लष्कर बघेल," ते म्हणाले. "आपले लोक फार निवांत आहेत. नुसतं देशप्रेम सांगितलं तर वीस माणसं जमतात. हेर म्हटलं की दोनशे जमतात. दोनशे जमली की आपल्याला पुढचं बोलता येतं."

मला ते पटलं असं नाही, पण आवडलं. माझा आवाज बरा होता आणि मला त्याचा गर्व होता. सर्क्युलर रुक्ष होतं, म्हणून मी पदरचा मीठमसाला घातला. अनोळखी माणूस दिसला तर धरून ठेवा. संशयित वस्तू दिसली तर अधिकारी आल्याशिवाय हात लावू नका. आणि "आभाळाकडे लक्ष ठेवा" हे वाक्य तर सर्वस्वी माझं. त्या वाक्याला बायाबापड्या वर बघायच्या आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्यामुळे कोतवालानं बातमी आणली तेव्हा मी दुसरा विचार केला नाही. आधी पुण्याला ट्रंक कॉल लावला. ट्रंक कॉल म्हणजे एक्स्चेंजला नंबर सांगून वाट बघत बसायचं. तेवढ्या वेळात तरी माणसानं विचार करावा, पण मी नाही केला.

"साहेब, छत्री सापडली. एक माणूसही सापडला."

"शाबास. कोणी काही हलवू नका. उद्या शनिवारी दुपारी तिथंच सभा घ्या. मी फोटोग्राफर घेऊन येतो."

गावात पोचलो तर चावडीत जत्रा भरलेली. मध्ये पन्नाशीचा एक माणूस मांडी घालून बसला होता, डोक्याला गोल टोपी, डोळ्याला भिंग. त्याच्यासमोर अकरा स्टो, चार गजराची घड्याळं आणि सरपंचांचा रेडिओ. बाजूला पोलीस पाटील आप्पा काठी घेऊन पहाऱ्याला बसलेले, मांडीवर स्वतःचं घड्याळ घेऊन. आपला नंबर कधी येतो त्याची वाट बघत होते.

"ह्यो हेर," आप्पा म्हणाले. "पिशवीत वायरी, ब्याटऱ्या, सगळं सापडलं. पन साहेब, हात सोन्याचा हाय बरं का. सरपंचांचा रेडिओ पावसाळ्यापासून मुका व्हता, आज बोलायला लागला."

हेराचं नाव उस्मानभाई. दौंडचा. बापजाद्यांपासून तिथलाच. घड्याळं, स्टो, रेडिओ दुरुस्त करत आठवड्याच्या बाजारांतून फिरायचा, पण या गावात पहिल्यांदाच आला होता. पुढच्या गावी पाहुण्यांना लग्नाचं आवतण द्यायला निघाला होता आणि वाटेत त्यानं पाणी मागितलं. अनोळखी माणूस, हातात वायरीची पिशवी आणि बाजूच्याच रानात छत्री. माझ्या भाषणातलं सगळं त्याच्यात बसत होतं.

"साहेब, परवा रविवारी पोरीचा निकाह हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "ह्यांनी मला भाकरी दिली, कोरड्यास दिलं, शिवी न्हाई दिली. माझी तक्रार न्हाई. पन पुन्याला नेलं की कागद व्हतो. माझ्यासारख्याच्या नावाचा कागद झाला, की तो पुसत न्हाई कुनी. पोरीचे सासरेबी वाचनार तो."

मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "छत्री कुठंय?"

बाजरीच्या बांधावर एक गाठोडं पडलं होतं. वर बाभळीच्या काट्या रचलेल्या, भोवती चार गडी उभे. चिखलानं लडबडलेलं पांढरं कापड, त्यातून बाहेर आलेल्या दोऱ्या आणि पितळी कड्या. शेजारी गंगूआक्का. वय साठीचं, कमरेला गोफण. मचाणावर पाखरं राखताना हिनंच पहिल्यांदा पाहिलं होतं.

"मंगळवारी वारं सुटलं हुतं बघा, धुराळा नुसता. तवा आभाळातनं हेलकावं खात खाली आलं. म्या दोन दगूड हानलं. एक बसला. तीन दिस माझं कुनी खरं मानलं न्हाई, ह्यो मानूस धरला तवा समदी पळत आली."

मंगळवारी आम्ही त्याच रस्त्यानं गेलो होतो. जाधवमामांनी मला कोपरखळी मारली आणि कानाशी लागले. "ती कडी मी बसवलीय साहेब. माझ्या हातची गाठ मला कळत न्हाई व्हय?"

आम्ही दोघं जीपकडे गेलो आणि टपावर बघितलं. कॅरिअरवर नुसता सुंभाचा तुटका तुकडा लोंबत होता. सिनेमा बंद, त्यामुळं चार दिवस पडद्याकडे कोणी मान वर करून बघितलंच नव्हतं. दोन तालुक्यांना आभाळाकडे बघायला लावणाऱ्या माणसानं स्वतःच्या टपाकडे बघितलं नव्हतं.

मी सरळ आप्पांकडे गेलो. "आप्पा, ती छत्री नाही. आमच्या सिनेमाचा पडदा आहे. वाऱ्यानं उडाला. उघडून दाखवतो."

आप्पांनी काठी आडवी धरली. "न्हाई साहेब. पुन्याचा अधिकारी आल्याबिगर हात लावायचा न्हाई. तुमचाच नियम हाय."

"मीच सांगतोय ना आता."

"तवाबी तुम्हीच सांगितलं व्हतं. हेर गोड बोलून वस्तू लांबवतात, असंबी तुम्हीच सांगितलं व्हतं." आप्पांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. अजून एक वाक्य बोललो असतो तर उस्मानभाईच्या शेजारी मांडी घालून बसावं लागलं असतं.

शनिवारी दुपारी साहेब आले. फोटोग्राफर आला. पाचशे माणसं जमली, इतकी सिनेमालाही कधी जमली नव्हती. मी साहेबांना चावडीच्या मागं नेलं आणि सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"उघडून पाहिलंत?"

"नाही. पण कॅरिअर रिकामं आहे."

"म्हणजे खात्री नाही. मग सभेनंतर उघडू."

"आणि उस्मानभाई?"

"त्याला पुण्याला घेऊन जातो. चौकशी होईल, निर्दोष असेल तर सोमवारी-मंगळवारी सुटेल."

"साहेब, उद्या त्याच्या मुलीचं लग्न आहे. हा घोळ माझ्या तोंडानं झालाय."

"शेंडे, बाहेर पाचशे माणसं उभी आहेत. त्यांना मी काय सांगू, आमचा पडदा उडाला? मुंबईहून रोज विचारणा होते, तुमच्या जिल्ह्यात जागृती किती? आज पहिल्यांदा दाखवायला काहीतरी आहे."

मला राग आला. साहेबांचा आला आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा आला. दहा-बारा दिवस मी हेच तर विकत होतो. पण रागावून उपयोग नव्हता. मी आवाज मऊ केला.

"बरं साहेब. फक्त फोटोचं बघा. असं गाठोडं पेपरात आलं तर धुणं वाटेल. मागं दोन कडुलिंबांच्या मध्ये पूर्ण पसरून टांगू. पुढं तुम्ही, सरपंच आणि आप्पा."

फोटोग्राफर लगेच म्हणाला, "फर्स्ट क्लास येईल." साहेबांनी थोडा विचार केला. फोटोत पांढरं कापड ते पांढरं कापड, छत्री काय आणि पडदा काय. ते म्हणाले, "टांगा."

एक गोष्ट मी साहेबांना सांगितली नव्हती. पडद्याला ठिगळ होतं. मार्चमध्ये याच गावात सिनेमा चालू असताना एका बैलानं पडद्याला शिंग घातलं होतं आणि एका बाईनं जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा लावून तो तिथल्या तिथं शिवून दिला होता. तेव्हापासून आमच्या प्रत्येक सिनेमातला हिरो डाव्या बाजूनं आला की गुडघ्यात हिरवा व्हायचा. मी खोटं बोललो नव्हतो. नुसता बोललो नव्हतो. ही कला मी खात्यातच शिकलो होतो.

अधिकारी हजर असल्यामुळे आप्पांनी हात लावायला परवानगी दिली. जाधवमामांनी काट्या बाजूला केल्या, दोऱ्या लिंबांना बांधल्या आणि कापड ताणलं. चिखल खळाखळा गळून पडला. खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं ठिगळ, त्याला लाल काठ.

बायकांच्या घोळक्यातून गंगूआक्का उठली, साहेबांच्या समोरून सरळ चालत गेली आणि तिनं ठिगळ हातात धरून उलटसुलट बघितलं.

"हे माझं लुगडं हाय," ती म्हणाली. "बैलानं शिंग घातलं तवा म्या टाचलं व्हतं. टाका माझाच हाय." मग थोडं वर बोट घालून म्हणाली, "आन् ह्ये भोक माझ्या गोफनीचं."

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. पण एकदा सुरू झालं ते थांबेना. आप्पा काठी टाकून पोट धरून खाली बसले. मागून एकानं ओरडून विचारलं, "मंग आज पिच्चर हाय का?" साहेबांनी ओठ घट्ट मिटले होते, पण मिशी हलायला लागली आणि शेवटी तेही हसले. फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला. तो पेपरात आला नाही, माझ्याकडे आहे.

उस्मानभाईच्या नावाचा कागद झाला नाही. सगळं गाव ओशाळलं. अकरा स्टोंच्या मालकिणींनी अंडी, लसूण, बाजरी आणून जीप भरली आणि आम्ही त्याला दिवस मावळायच्या आत दौंडला सोडलं. दुसऱ्या दिवशी निकाहाला आप्पा आले, गंगूआक्का नवं लुगडं नेसून आली आणि सरकारी लाउडस्पीकरवरून मी पंगतीला पानं मांडल्याची घोषणा केली. इतक्या सुखानं मी माइक कधी धरला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात लढाई थांबली. नवीन सर्क्युलर आलं: जनतेनं अफवांवर विश्वास ठेवू नये. सही तीच, शिक्का तोच. तेही मी गावोगाव वाचून दाखवलं.

छत्र्या खऱ्याही असतात आणि हेरही असतात, मी नाही म्हणत नाही. पण इशारा देणारा माणूस इशाऱ्याबरोबर आणखी काय मागतो, ते बघायची सवय मला तेव्हापासून लागली. त्या गावाला तर अजून सोपी रीत सापडली. मी रिटायर होईपर्यंत तिथं कसलीही सूचना द्यायला उभा राहिलो, की गंगूआक्का पुढं यायची, माझ्याकडे न बघता जीपच्या टपाकडे बघायची आणि मागं वळून सांगायची, "पडदा जाग्यावर हाय. आता ऐका, काय म्हनत्यात ते."