वहिनींचं घाटलं आणि एक्केचाळिसावी नळी

डॉक्टर श्यामला गद्रे यांना त्यांच्या गावात कोणी डॉक्टर म्हणत नसे. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत त्या एकतीस वर्षं रक्तातल्या चरबीचा अभ्यास करत होत्या. कोलेस्टेरॉल यकृतात कसं तयार होतं, खाल्लेलं तूप रक्तातून कुठे जातं, या विषयावर परदेशातले लोक त्यांचं बोलणं वही काढून ऐकत. पण बोर्ली पंचतनजवळच्या त्या छोट्या गावाचा हिशेब सरळ होता: सर्दीवर गोळी देईल तो डॉक्टर. एकदा गावातल्या अंबाजीने ठणकता गुडघा पुढे केला, तेव्हा श्यामलाताई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "अहो, मी उंदरांवर काम करते." तेव्हापासून कणगीला उंदीर लागले की अंबाजी त्यांना आवर्जून फोन करी.

गावचं घर आणि नारळ-सुपारीची वाडी त्यांचे थोरले भाऊ यज्ञेश्वर आणि वहिनी सांभाळत. वहिनींचं मन मोठं होतं आणि जीभ त्याहून मोठी. नणंद सुट्टीला आली की त्या हमखास विचारत, "वन्सं, इतकी वर्षं उंदीर संपवलेत. माणूस एक तरी बरा केलात का?"

ताई हसून वेळ मारून नेत, पण बोल जिव्हारी लागे. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. ढीगभर निबंध होते, पण आपल्यामुळे अमुक माणूस सुखी झाला, असं बोट दाखवायला एक माणूस नव्हता. म्हणून शेवटचं काम त्यांनी गावातच घेतलं. रोज नारळ खाणाऱ्या माणसांचं रक्त तपासायचं. एखाद्या घरात रक्ताचा पिढीजात दोष सापडला, तर निदान त्या घराचं तरी भलं होईल.

शिबिर घरच्याच ओटीवर ठरलं. बारा तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, अशी दवंडी झाली. माणसं पहाटे सहालाच येऊन बसली. ताईंची गाडी मात्र महामार्गावर माणगावला अडकली ती अडकलीच. नऊ वाजून गेल्यावर त्या पोचल्या. ओटीवर माणसं शहाण्यासारखी रांगेत बसलेली. "काही खाल्लंत का?" असं प्रत्येकाला विचारलं, आणि प्रत्येकजण जमिनीकडे बघत "न्हाय" म्हणाला.

बासष्ट नळ्या मुंबईला गेल्या. रक्त यंत्रात फिरवलं की लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर, स्वच्छ पाणी राहतं. उपाशी माणसाचं ते पाणी आरपार दिसायला हवं. एक्केचाळीस नळ्यांमध्ये ते नारळाच्या दुधासारखं पांढरं होतं. ताईंनी नळ्या पुन्हा मोजल्या. एका गावात एक्केचाळीस! अख्ख्या गावाच्या रक्तात पिढीजात दोष! जगात कुठे ऐकलं नव्हतं असं. त्यांनी आठ दिवसांत निबंध लिहिला, बंगळुरूच्या परिषदेने तो हातोहात घेतला, आणि ताई ही बातमी सांगायला गावी आल्या. गावाला दोष निघाल्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या हवेत होत्या.

वहिनी विळीवर नारळ खवत होत्या. ताईंनी सगळं सविस्तर सांगितलं. विळी थांबली.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "रक्त असं पांढरं खाण्यानेही होतं का हो?"

"होतं ना. तूप, नारळ असं जड खाल्लं की काही तास होतं. म्हणून तर उपाशी बोलावलं."

"मग रागावू नका. सकाळी सहापासून माणसं माझ्या ओटीवर कोरड्या तोंडाने बसली होती. तुमचा पत्ता नाही. गद्र्यांच्या दारातून आजवर कोणी उपाशी गेलेलं नाही. मी घावनं घातली. आणि नारळाच्या दुधाचं गोड, दाट घाटलं."

ताई ताडकन उठल्या. "पण सगळे न्हाय म्हणाले!"

"मीच सांगितलं तसं. वन्संना कळलं तर मला ओरडतील म्हटलं. खाल्ल्या घावनाला जागली बिचारी."

परिषदेला काय लिहायचं? 'रक्त घेण्यापूर्वी वहिनींनी घावनं वाढल्याचे निदर्शनास आल्याने निबंध मागे घेत आहे'? ताईंना रडू आलं. रडता रडता एकतीस वर्षांची सवय मात्र सुटली नाही. त्यांनी वही काढली. "कोणी किती खाल्लं?"

वहिनींना सगळं तोंडपाठ. वाढणाऱ्या बाईला पंगत विसरता येत नाही. "सखुबाई चार. अंबाजी सात, वर घाटलं दोनदा, आणि गुडघा दुखतो म्हणे! सदूने पाच..." यादी संपली. मागाहून आलेल्यांना घावनं-घाटलं काहीच उरलं नव्हतं, त्यांच्या नळ्या स्वच्छ होत्या. ताईंनी बेरीज केली. खाणारे चाळीस.

पांढऱ्या नळ्या एक्केचाळीस.

"एक राहिलं, वहिनी. आठवा."

"काही राहिलेलं नाही. सहाला आलेल्यांत एकटा बुधाजी तेवढा जेवला नाही. तो मेला कधीच नाही जेवत! बारा वर्षं आपले नारळ पाडतोय, पण माझ्या हातचा घास म्हणून घेतला नाही. शिष्ट कुठला."

ताईंनी यादीत बुधाजीचं नाव शोधलं. सतरा नंबरची नळी. सगळ्यांत पांढरी, दह्यासारखी घट्ट. पांढऱ्यांत ती मोजली होती, पण इतका घट्टपणा यंत्राचा बिघाड समजून पुढे तपासली नव्हती.

बुधाजीला वाडीतूनच बोलावलं. तो झाडावरून उतरून अंगणात उभा राहिला.

"बुधाजी, आमच्याकडे खात का नाहीस?"

तो ओशाळला. "काय सांगू ताई. नारळ, तेल, तूप खाल्लं की पोटात सुरी फिरते. लग्नाच्या जेवणाला पन जात न्हाय मी. लोक म्हनतात नखरे करतो. दोनदा माणगावला भरती झालो. माझा भाऊ पन पोटातच दुखून गेला, अठ्ठावीसचा व्हता."

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

निबंध मागे घेतला आणि तपासणी पुन्हा करायची ठरली. या खेपेला ताईंनी वहिनींना यज्ञेश्वरदादांबरोबर पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला धाडलं, स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली. खरोखर उपाशी असलेल्या बुधाजीची नळी पुन्हा पांढरी निघाली. बाकी गावाचं रक्त झऱ्यासारखं होतं, अंबाजीचंसुद्धा. खाल्लेली चरबी फोडणारा पदार्थ बुधाजीच्या शरीरात जन्मापासून नव्हता. लाखांत एखाद्याला असतो हा दोष. औषधापेक्षा त्याला पथ्य मोठं, आणि ते पथ्य हा गडी कोणी न सांगता अर्धंमुर्धं पाळत आला होता, वर लोकांचे टोमणे खात.

पथ्याचा कागद ताईंनी लिहिला, पण ताबा घेतला वहिनींनी. थेंबभर तेल नाही, नारळाचा कीस नाही, असा स्वयंपाक त्यांनी जन्मात केला नव्हता. मऊ भात, मुगाचं वरण, वाफवलेला दुधी. बुधाजी पानावर बसला आणि भीत भीत जेवला. वहिनी समोर बसून प्रत्येक घास मोजत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातूनच त्याची हाक आली. "काकू, पोट न्हाय दुखलं! आज पन येऊ काय जेवायला?"

"ये!" वहिनी ओरडल्या. मग डोळे पुसत त्या नणंदेकडे वळल्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्हाला चहा टाकू का?"